दोष दुधाचा नव्हता

 

आज सिकलसेलबद्दल बोलायचं आहे. हा शब्द आता आपल्या जिल्ह्यात कुणाला नवा राहिला नाही. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या भागांत तर शाळेतल्या पोरांचं बोट टोचून रक्त घेतात, आशाताई वहीत नाव लिहून घेते आणि मग कुणाच्या घरी लाल कार्ड येतं, कुणाच्या घरी पिवळं. गोळी कोणती घ्यायची, पाणी किती प्यायचं, हे सिस्टर सांगतातच. मी आज दुसरं सांगणार आहे. हा आजार सापडला कसा, त्याची गोष्ट. बी.ए.ला मी इतिहास घेतला होता. त्यात तह होते, लढाया होत्या, सनावळ्या पाठ करून करून जीव जायचा. रक्ताचाही इतिहास असतो हे मला गटाचं काम करायला लागल्यावर कळलं. आणि या इतिहासात आपण बायका आहोत, कारण शोध लागेपर्यंत या आजाराचं खापर बहुतेक वेळा बाईच्याच डोक्यावर फुटत होतं.

आठवून पाहा. लेकरू जन्मतं तेव्हा गुटगुटीत असतं. चार-पाच महिने छान जातात. उष्टावण होतं न होतं, तोच एके दिवशी हाताचे पंजे, पावलं सुजतात. लेकरू रडून रडून निळं पडतं, अंगाला हात लावू देत नाही. मग घरात बोलणं सुरू होतं. कुणी म्हणतं दृष्ट लागली. कुणी म्हणतं बाहेरचं आहे. आणि शेवटी सगळे येतात आईवर. हिचंच दूध बाधलं. आमच्या गटातल्या एका ताईचं दूध घरच्यांनी असंच तोडलं होतं, लेकरू सात महिन्यांचं असताना. तिला वाटलं, खरंच माझ्यातच काही असेल. दुसऱ्या बाळंतपणात तिनं स्वतःहूनच पाजायला भीत भीत घेतलं. ही गोष्ट काही पन्नास वर्षांपूर्वीची नाही.

आता थोडं लांब जाऊ, अमेरिकेत. १९०४ सालच्या डिसेंबरात शिकागो शहरातल्या एका दवाखान्यात वॉल्टर नोएल नावाचा वीस वर्षांचा मुलगा आला. ग्रेनाडा नावाच्या छोट्या बेटावरून तो दातांचा डॉक्टर व्हायला शिकागोला आला होता. काळा मुलगा, परमुलूख, कडाक्याची थंडी. खोकला, ताप, धाप आणि पायाला न भरणाऱ्या जखमा. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्याला लांबट, टोकाला निमुळत्या, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. त्यानं कागदावर त्यांची चित्रं काढून ठेवली. त्याचे मोठे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी त्या मुलाला पुढं बराच काळ तपासलं आणि १९१० साली ही हकीकत छापली. हे काय आहे ते मला ठरवता आलेलं नाही, असंच त्यांचं म्हणणं होतं. मला हे आवडतं. आपल्याकडं भगताला कधी ‘मला कळलं नाही’ असं म्हणताना ऐकलंय का? नोएल शिकून आपल्या बेटावर परत गेला, दवाखाना टाकला आणि १९१६ साली न्यूमोनियानं वारला. वय ३२. सिकलसेल ॲनिमिया हे नाव १९२२ साली पडलं. सिकल म्हणजे विळा, सेल म्हणजे पेशी.

रक्तातली लाल पेशी नीट असली तर बालुशाहीसारखी असते, गोल आणि मधे दाबलेली. मऊ असते म्हणून केसापेक्षा बारीक नळीतूनही अंग चोरून निघून जाते. चारेक महिने जगते. तिच्या पोटात हिमोग्लोबिन असतं. ते फुप्फुसातून प्राणवायू घेतं आणि अंगभर वाटतं. सिकलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडला की एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या बनतात, आणि पेशी ताठ होऊन वाकते. ताठ पेशी बारीक नळीत अडकतात, जसा पाटात काडीकचरा अडकला की पुढच्या वावराला पाणी जात नाही. जिथं रक्त पोचत नाही तिथं कळ उठते. हाडात, पाठीत, पोटात. ती कळ काय असते हे ज्यांच्या घरी आहे त्यांनाच ठाऊक. आणि अशा पेशी चार महिने टिकत नाहीत, दहा-वीस दिवसांतच फुटून जातात. म्हणून अंगात रक्त सदा कमी आणि डोळे पिवळे. आता लक्षात घ्या, ‘रक्त कमी’ म्हटलं की आपण लोहाच्या गोळ्या आणि गूळ-शेंगदाणे सांगतो. लोह कमी पडून रक्त कमी झालं असेल तर ते बरोबर. इथं पेशीच फुटून जातात, म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हे भरून येत नाही. कित्येक पोरींची वर्षं ‘रक्त कमी आहे, गोळ्या खा’ एवढ्यावरच गेली.

पुढचा धागा मिळाला १९१७ साली, आणि तो बापाच्या रक्तात मिळाला. व्हिक्टर एमेल नावाच्या शास्त्रज्ञानं एका आजारी बाईचं रक्त तपासलं. सोबत तिच्या वडिलांचंही तपासलं. वडील ठणठणीत होते, काही म्हणता काही दुखत नव्हतं. पण काचेवर बंद करून ठेवल्यावर त्यांच्याही रक्तातल्या काही पेशी विळ्यासारख्या झाल्या. म्हणजे हे अंगात असूनही माणूस धडधाकट असू शकतो, आणि ते बापाकडून येऊ शकतं. हे लिहिलं गेलं त्याला शंभर वर्षं उलटून गेली. आपल्या गावात अजून ‘सुनेच्या माहेरचं रक्त’ म्हणतात.

नेमकं गणित १९४९ साली सुटलं. अमेरिकेत जेम्स नील आणि आफ्रिकेत, आज ज्याला झांबिया म्हणतात तिथं, डॉ. बीट या दोघांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट दाखवली. लेकरू आजारी पडायला आई आणि बाप दोघांकडूनही तो गुण यावा लागतो. एकाकडून आला तर लेकरू वाहक, म्हणजे स्वतः जवळजवळ निरोगी पण गुण पुढं नेणारं.

बैठकीत मी हे दाण्यांवर दाखवते. दोन वाट्या घ्यायच्या. एक आईची, एक बापाची. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक वाटीत एक ज्वारीचा दाणा आणि एक तुरीचा. ज्वारी म्हणजे चांगला गुण, तूर म्हणजे सिकल. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एक दाणा उचलायचा. दोन्ही ज्वारी आल्या तर लेकरू मोकळं. एक ज्वारी, एक तूर आली तर वाहक. दोन्ही तुरी आल्या तर रुग्ण. मग दाणे परत वाटीत टाकायचे आणि पुन्हा उचलायचे. परत टाकायचे, हे महत्त्वाचं. कारण बाया म्हणतात, चारातलं एक आजारी म्हणता ना, माझं पहिलं आजारी झालं, आता तीन चांगली होतील. तसं नसतं. दर बाळंतपणाला डाव नव्यानं पडतो. मागच्या बैठकीत एका माईनं सलग तीन वेळा तुरी-तुरी काढल्या आणि सगळ्या गप्प झाल्या. दोन्ही वाट्यांत तूर असल्याशिवाय हे होतच नाही, हे मात्र त्या दिवशी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

आता दुधाकडं येऊ. जन्मताना चांगलं असलेलं लेकरू सहाव्या महिन्यात का पडतं, याचं उत्तर एका बाईनं शोधलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डॉ. जॅनेट वॉटसन लहान मुलांच्या रक्ताचा अभ्यास करत होत्या. त्यांनी नव्या जन्मलेल्या बाळांचं रक्त पाहिलं आणि १९४८ साली सांगितलं की पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि ते चिकटून काड्या बनत नाही. जन्मल्यावर हळूहळू ते कमी होतं आणि त्याची जागा मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन घेतं. ज्याच्या वाट्याला दोन तुरी आल्या, त्याचं खरं रक्त असं सहा महिन्यांच्या आगेमागे उघडं पडतं. म्हणजे आईच्या पोटात मिळालेलं ते पहिलं रक्त लेकराला राखत होतं. दूध तोडलं त्या ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, हे त्यांना कोण सांगन? मी म्हटलं, रेडिओवर सांगते.

त्याच १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी आजारी आणि निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात ठेवून पाहिलं. दोन्ही वेगवेगळ्या वेगानं सरकली. आपल्या जिल्हा रुग्णालयात जी ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ नावाची तपासणी होते ती याच युक्तीवर चालते. पुढं १९५६ साली इंग्लंडात व्हर्नन इनग्रॅम यांनी फरक नेमका किती ते शोधलं. हिमोग्लोबिनचा तो धागा म्हणजे १४६ मण्यांची पोत समजा. त्यातला सहावा मणी बदललेला. बाकी १४५ जसेच्या तसे. एका मण्यानं एवढं सगळं.

मग प्रश्न असा की इतका वाईट गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? ज्यांना दोन तुरी मिळाल्या ती लेकरं लहानपणीच जायची, म्हणजे गुण हळूहळू संपायला हवा होता. याचं उत्तर हिवतापात निघालं. रक्ताचे असे आजार हिवतापाच्या मुलखात का टिकतात, याचा अंदाज जे. बी. एस. हाल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञानं आधीच, सिकलसारख्याच थॅलसेमिया नावाच्या आजारावरून, बांधला होता. हे हाल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. सिकलच्या बाबतीत ते सिद्ध केलं केनियात वाढलेल्या अँथनी ॲलिसन या तरुण डॉक्टरनं, १९५४ साली. एक ज्वारी आणि एक तूर असलेल्या लेकराला, म्हणजे वाहकाला, जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात डासांनी लेकरं पटापट जायची, तिथं वाहक लेकरं जगली, मोठी झाली, त्यांना लेकरं झाली. आपल्या पैनगंगा-वर्धेच्या काठच्या जंगलात हिवताप काय होता हे आजीला विचारा. त्यामुळे कुणी या आजाराला शाप म्हटलं की मला राग येतो. ज्यांच्या अंगात हा गुण आहे त्यांचे पूर्वज त्याच गुणाच्या आधारानं जंगलात तगले.

भारतात हा आजार पहिल्यांदा लिहिला गेला १९५२ साली. निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये हर्मन लेहमान आणि मेरी कटबुश यांना सिकल पेशी सापडल्या, आणि त्याच वर्षी वरच्या आसामातल्या चहाच्या मळ्यातल्या मजुरांतही हा आजार असल्याचं छापून आलं. मळ्यातले ते मजूर बाहेरून कामाला नेलेले. पोटासाठी माणूस जिथं जातो तिथं रक्त सोबत जातंच. आपल्या विदर्भाचं नाव १९५८ साली लागलं. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलबद्दल ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिलं. पुढच्या तपासण्यांतून हेही कळलं की विदर्भात हा आजार आदिवासींपुरता नाही. दलित समाजांत आहे, इतर मागास समाजांतही आहे. आमच्यात नसतो, तो त्यांच्यात असतो, असं म्हणणाऱ्या काकूंनी हे ऐकून ठेवावं.

१९५८ साल म्हणजे आमची आई जन्मलीही नव्हती. नागपूर इथून तीन-चार तासांवर. तरी आपल्या तालुक्यातल्या पोरांचं रक्त या आजारासाठी तपासायला पुढं कितीतरी वर्षं लागली. का लागली, तर सूक्ष्मदर्शक शहरात होता आणि पोर पोडावर. इंग्रजी साप्ताहिकात छापलेली गोष्ट आपोआप कोलामपोडावर येत नाही. तिला कुणीतरी पायी चालत आणावं लागतं.

आपल्या राज्यात हे चालणं ज्यांनी केलं त्यांत पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांचं नाव घ्यावं लागतं. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात असताना त्यांनी रक्तातल्या आनुवंशिक दोषांवर काम सुरू केलं. १९७८ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या दहा समाजांच्या रक्ताचा अभ्यास छापला. त्या सोबत्यांत डॉ. मृदुला फडकेही होत्या. पुढं हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळासोबत काटे सरांनी आदिवासी भागांत वर्षानुवर्षं तपासण्या केल्या. कोणत्या समाजात किती वाहक, याचा राज्याचा नकाशाच त्यातून उभा राहिला. काही समाजांत वाहक जवळजवळ नाहीत, तर भिल्ल, माडिया, पावरा, परधान, ओतकर यांच्यात शंभरात वीस ते पस्तीस. परधान समाज आपल्या जिल्ह्यातलाच. २००२ साली त्यांनी लिहिलं की गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, नंदुरबार आणि आपलं यवतमाळ या जिल्ह्यांत सिकलचे पाच हजारांवर रुग्ण असावेत. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता एवढ्या मोठ्या माणसाबद्दल मी काय बोलावं, पण मला त्या पुरस्कारापेक्षा तो नकाशा मोठा वाटतो. नकाशात नाव आल्याशिवाय सरकारी यंत्र आणि गोळ्या गावाच्या वाटेला लागत नाहीत.

पण इथं एक आडवी गोष्टही सांगितली पाहिजे. १९८०च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले, तेव्हा सुरुवातीच्या कामांत त्यांनी सिकलसेलचा मोठा अभ्यास केला. आजार खूप निघाला. अभ्यास चांगला झाला. पण अभय बंग यांनी पुढं स्वतःच सांगितलं आहे की तो प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटला म्हणून आम्ही घेतला होता, लोकांनी तो मागितला नव्हता, आणि म्हणून लोकांच्या जगण्यात त्यानं फारसा फरक पडला नाही. पुढं त्यांनी कामाची रीत बदलली, आधी लोकांना विचारायचं ठरवलं. मला हे सांगावंसं वाटलं कारण आपल्याकडंही बाया म्हणतात, मागं एकदा शिबिर झालं, रक्त घेऊन गेले, कागद काही आला नाही. ज्याचं रक्त त्याच्या हातात उत्तर आलं पाहिजे. गटानं शिबिराला माणसं गोळा करून द्यायची तर निकाल कधी देणार हे त्याच दिवशी लिहून घ्यायला काय हरकत आहे? कर्ज देताना आपण हप्त्याची तारीख लिहितोच की.

निकालाचं एक बारीक सांगते, कारण त्यात फार घोळ होतो. गावात जी पहिली तपासणी होते तिच्यात नळीतल्या औषधात रक्ताचा थेंब टाकतात. गढूळ झालं, मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की सिकल आहे. पण ती वाहकाचीही गढूळ होते आणि रुग्णाचीही. त्यामुळे गढूळ आलं म्हणून रडायला बसू नका आणि दुसरी, विजेवरची तपासणी झाल्याशिवाय कुणाच्या दारात काही बोलू नका. तान्ह्या बाळाला ती नळीची तपासणी चालत नाही. का नाही, ते वॉटसनबाईंच्या गोष्टीवरून तुम्हीच सांगाल.

काही वर्षं डॉक्टरांतही असा समज होता की आपल्या भारतातला सिकल सौम्य असतो. त्याला आधारही होता. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत बाळपणीचं ते चांगलं हिमोग्लोबिन जास्त उरतं. पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात लहान मुलांच्या डॉक्टर दीप्ती जैन आणि त्यांच्या सोबतच्यांनी दाखवलं की विदर्भातली पोरं काही कमी सोसत नाहीत. वारंवार कळ उठणाऱ्या साठ मुलांवर त्यांनी हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा अभ्यास केला. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतीच तशी दिसणारी गोळी, आणि कुणाला काय दिलं ते शेवटपर्यंत गुपित. बाहेरच्या देशांत देतात त्याहून कमी मात्रेतही कळा कमी झाल्या, रक्त चढवण्याची आणि भरती होण्याची वेळ कमी आली. हे २०१२ साली छापून आलं. पुढं त्यांनी मुंबईच्या राष्ट्रीय रक्तविकार संस्थेतल्या डॉ. रोशन कोलाह आणि इतरांसोबत वाहक आयांच्या दोन हजारांहून जास्त नवजात बाळांची तपासणी केली. शंभरावर बाळं रुग्ण निघाली, कळ उठायच्या आधीच. बाळ रुग्ण आहे हे आधी कळलं तर लस, तापाला लगेच दवाखाना, हे सगळं वेळेवर होतं. हायड्रॉक्सीयुरिया मात्र मनानं सुरू-बंद करायची गोळी नाही. पोटुशी असाल किंवा राहायचं मनात असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

सरकारनं आता मोठा बेत मांडला आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं उच्चाटन. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात सिकलसेलचं नाव आहे, म्हणजे रुग्णाला त्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

उच्चाटनाचा रस्ता लग्नातून जातो, असं सगळेच सांगतात. दोन वाहकांनी आपसात लग्न करू नये, कार्ड बघून जुळवावं. हे ऐकायला सोपं आहे. ग्रीस देशात ऑर्कोमेनोस नावाचं एक गाव आहे. तिथंही सिकल होता, शंभरात वीसच्या वर वाहक होते. १९७०च्या आसपास डॉक्टरांनी गावाची तपासणी केली, ज्याचा त्याला निकाल दिला आणि सांगितलं, दोन वाहकांनी लग्न टाळा. काही वर्षांनी परत येऊन पाहिलं तर दोन वाहकांची लग्नं तपासणी नसती तर जेवढी झाली असती तेवढीच झाली होती. लोकांनी निकाल लपवले होते. वाहक मुलामुलींकडं गाव वेगळ्या नजरेनं बघायला लागलं होतं, आणि त्या भीतीनं आईबाप तोंड उघडत नव्हते.

आपल्याकडं हे कुणाच्या अंगावर येतं ते मी दोन वर्षांत पाहिलं. पिवळं कार्ड मुलीचं असलं की पाहुणे परत जातात. मुलाचं कार्ड कुठं आहे, असं कुणी विचारतच नाही. एका स्थळानं मुलगी वाहक म्हणून नाकारली आणि मुलाची तपासणी झालेलीच नव्हती. गणित काय सांगतं? मुलगी वाहक आणि मुलगा मोकळा, तर सिकलचं आजारी लेकरू होतच नाही. वाट्या मांडून पाहा, दोन तुरी येणारच कुठून? मुलगी मोकळी आणि मुलगा वाहक, तरी तेच. अडचण फक्त दोघंही वाहक असले तर. आणि दोघं वाहक असून लग्न झालेलंच असेल तर पोटुशेपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना सांगावं. पोटातल्या बाळाची तपासणी मोठ्या केंद्रात होते. पुढं काय करायचं हे त्या जोडप्यानं, त्यातही त्या बाईनं ठरवायचं. सासरच्या पंचायतीनं नाही.

तिचं कार्ड तिच्या परवानगीशिवाय कुणी बघू नये, गटाच्या वहीतही त्याची नोंद करू नये, यावर आमच्या ग्रामसंघात दोन बैठका भांडणं झाली. काही माईंचं म्हणणं, लपवलं तर पुढं फसवणूक होते. तरुण पोरींचं म्हणणं, आधी मुलांची नावं लावा शिबिरात, मग आमची. शेवटी पुढच्या शिबिरासाठी लग्नाच्या वयाच्या मुलांची यादी करायची जबाबदारी चार जणींनी घेतली. यादी अजून अर्धीच झाली आहे. मुलं म्हणतात, आम्हाला काय झालंय? एमेलनं तपासलेले ते वडीलही असंच म्हणाले असतील.

पुढच्या वेळी बाळंतपणातल्या रक्तदाबावर बोलू. सिकलवर काही विचारायचं असेल तर गटाच्या बैठकीत विचारा, ज्वारी आणि तूर मी सोबत आणते.